उंटावरील नाळ आणि मोटारसायकलीवरील मशीनगन : एका उपमेचें परीक्षण

कांहीं दिवसांपूर्वीं इंदापूर तालुक्यांतील एका संग्राहकांच्या घरीं एक लोखंडी नळी पाहण्याचा योग आला. नळी हातभराहून लांब, भिंती जाड, दोन्ही अंगांस आडवे खुंट निघालेले, मागें रंजकाचें भोंक व त्यामागें गंजलेल्या शेपटीचा तुकडा. तिच्याखालीं जाड कागदाची चिठ्ठी लावलेली होती व तीवर सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें : ‘जंबुरक. मराठ्यांची मशीनगन.’ खुलासा विचारतां गृहस्थ म्हणाले, “महायुद्धाच्या चित्रपटांत मोटारसायकलीच्या कडेच्या बैठकीवर शिपाई बसतो आणि पळत्या गाडीवरून मशीनगन चालवितो, तें तुम्हीं पाहिलें असेलच. आपले उंटस्वार हेंच काम दोनशें वर्षें आधीं करीत होते.”

ही उपमा त्या गृहस्थांची एकट्याची नाहीं. लेखांत, व्याख्यानांत, संग्रहालयांच्या पाट्यांवर ती अलीकडे वारंवार आढळते. उपमेनें वाचकाला गोष्ट चटकन उमगते, हें तिच्या बाजूनें म्हटलें पाहिजे. परंतु संग्राहकाच्या चिठ्ठीवर उतरली कीं उपमेची उपमा राहत नाहीं, तिचा पुरावा बनतो. पुढच्या पिढींतील अभ्यासक ती चिठ्ठी पाहून ‘इंदापुरास उंटावरील तोफखाना होता’ असें लिहील व त्याच्या मागचा त्याचा आधार देईल. म्हणून ही उपमा कोठवर टिकते व कोठें मोडते, हें एकदां नीट तपासून पाहणें अवश्य आहे.

(१) शब्दांचा विचार

प्रथम नांवें घेऊं. उंटावर चढविलेल्या लहान तोफेस शुतरनाळ किंवा मराठी वळणानें सुतरनाळ म्हणत. शुतर म्हणजे उंट. याच न्यायानें हत्तीवर असते ती गजनाळ किंवा हत्तीनाळ. दुसरें नांव जंबुरक. फारशींत जंबूर म्हणजे गांधीलमाशी, तिचें लघुत्ववाचक रूप जंबुरक. मराठींत त्याचें जंबुरा, जंबुरे असें झालें. या दोन नांवांतील भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. शुतरनाळ हें नांव हत्यार कशावर बसलें आहे तें सांगतें. जंबुरक हें नांव तें कसें डसतें एवढेंच सांगतें, वाहनाविषयीं तें मुकें आहे. त्यामुळें एखाद्या यादींत ‘सुतरनाळा’ आल्या तर उंट गृहीत धरण्यास हरकत नाहीं. केवळ ‘जंबुरे’ आले तर मागचापुढचा मजकूर पाहिल्यावांचून उंट धरतां येत नाहीं.

येथें आणखी एक खांचखळगा आहे. जंबुरा हा शब्द सुतार-लोहारांच्या पकडीसही लावतात. खिळे उपटण्याचा तो चिमटा आजही कारागिरांच्या पेटींत असतो. तेव्हां कारखान्याच्या एखाद्या जाबत्यांत ऐरण, घण, हातोडा यांच्या ओळींत ‘जंबुरे’ आढळले तर तो तोफखाना नव्हे, लोहारसाळ होय. तिसरा शब्द जेजाल. ही लांब व जड बंदूक भिंतीवर किंवा दुबेळक्यावर टेकवून उडवीत. जेजालेची नळी व जंबुरकाची नळी यांत नुसत्या पाहण्यानें भेद करणें पुष्कळदां कठीण जातें.

(२) साक्षी

आतां प्रत्यक्ष वापराच्या साक्षी पाहूं. सर्वांत अधिक उद्धृत होणारी साक्ष फ्रेंच वैद्य बर्नियर याची. सामूगढच्या लढाईचें वर्णन करितांना तो सांगतो कीं, दाराच्या तोफांच्या मागें पुष्कळ उंट उभे होते, त्यांच्या पुढच्या अंगावर जोडबंदुकीएवढ्या लहान तोफा बसविल्या होत्या, आणि मागें बसलेला माणूस खालीं न उतरतां ती भरीत व सोडीत असे. मशीनगनच्या उपमेचा सगळा भार या वाक्यावर आहे. खालीं न उतरतां सोडणें म्हणजे चालत्या वाहनावरून मारा, असा अर्थ त्यांतून काढला जातो.

परंतु ही साक्ष कोणत्या प्रतीची आहे? सामूगढची लढाई २९ मे १६५८ रोजीं झाली. बर्नियर तीत नव्हता. तो हिंदुस्थानांत त्यानंतर उतरला व पराभूत दाराची गांठ त्याला १६५९ सालीं अहमदाबादच्या बाजूस पडली. म्हणजे हें वर्णन ऐकीव आहे. याच्या उलट, १६६४ च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून लाहोर व पुढें काश्मीरकडे निघाला, त्या स्वारींत बर्नियर स्वतः चालत होता. त्या वेळच्या पत्रांत त्यानें दोनतीनशें हलके उंट व त्यांवरील लहान तोफा नोंदल्या आहेत. त्यांची बैठक समजावून देतांना तो त्यांस आपल्या देशांतील होड्यांच्या कांठावरील फिरत्या तोफांची उपमा देतो. ही डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट आहे. मात्र त्या पत्रांत आहे तें कूचाचें वर्णन, लढाईचें नव्हे. उंट तोफा वाहत होते हें त्यावरून सिद्ध होतें. चालतां चालतां उडवीत होते हें सिद्ध होत नाहीं. ‘न उतरतां’ या शब्दांचा अर्थही ‘न थांबतां’ असा होत नाहीं. बसलेल्या उंटावरील माणूस उतरलेला नसतोच.

दुसरी साक्ष इराणांतील. ८ मार्च १७२२ रोजीं इस्फहानजवळ गुलनाबाद येथें अफगाण व इराणी सैन्यांची गांठ पडली. अफगाणांच्या एका बाजूच्या फौजेनें माघार घेतल्याचें दाखविलें, मग रांगा दुभंगल्या आणि मागें गुडघे टेकून बसलेले सुमारें शंभर उंट उघडे पडले. त्यांच्या पाठीवरील जंबुरकांनीं पाठलाग करणारांवर जवळून एकदम मारा केला. या प्रसंगांत सारें मर्म आहे. उंट बसलेले होते. हत्यार लपविलेलें होतें. मारा एकाच वेळीं झाला. येथें उंटाची चाल उपयोगी पडली ती तोफ हव्या त्या जागीं आणण्यापुरती. जागेवर आल्यावर उंट बसला कीं तो तोफेचा गाडा झाला, गाडाही असा कीं जो स्वतः घडी घालतो व स्वतः उलगडतो.

तिसरी साक्ष आपल्या अधिक जिव्हाळ्याची, पानिपतची. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला काशीराज हा १७६१ च्या त्या दिवशीं छावणींत होता. त्याच्या फारशी वृत्तांतांत अबदालीचे दोन हजार उंट सांगितले आहेत व प्रत्येकावर मोठ्या तोंडाच्या नळ्या घेतलेलीं दोन माणसें. मराठ्यांच्या तोफा तो दोनशें धरतो. आंकडे अंदाजी असतील, तरी त्यांतील प्रमाण बोलकें आहे. एका बाजूस थोड्या, जड, बैलांनीं ओढलेल्या व एकदां रोंवल्या म्हणजे हलवितां न येणाऱ्या तोफा. दुसऱ्या बाजूस पुष्कळ, हलक्या व पायांच्या तोफा. जंबुरकाची ताकद एका नळीत नव्हती. ती संख्येंत व संख्या हवी तेथें नेण्यांत होती.

(३) मोटारसायकलीवरील मशीनगन

आतां उपमेचें दुसरें अंग. तें ज्यांनीं चित्रपटांतच पाहिलें आहे, त्यांच्यासाठीं थोडा तपशील देणें योग्य होईल. १८९९ सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक सिम्स यानें चार चाकांच्या एका हलक्या मोटारगाडीवर पुढें ढाल व मॅक्सिम मशीनगन बसवून दाखविली. ती सैन्यानें घेतली नाहीं. पहिलें महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ च्या अखेरीस ब्रिटिशांनीं मोटार मशीनगनच्या स्वतंत्र तुकड्या उभारल्या व आरंभीं त्या तोफखान्याकडे जोडल्या. पुढें ऑक्टोबर १९१५ मध्यें मशीनगन कोअर निघाला तेव्हां त्या त्यांत गेल्या. क्लायनो वगैरे कारखान्यांच्या मोटारसायकलींच्या कडेस एकचाकी बैठक, म्हणजे साइडकार, पक्की जोडून तीवर विकर्स मशीनगन चढवीत.

एका तुकडीची मांडणी पाहण्यासारखी आहे. मशीनगना सहा, पण साइडकार जोडलेल्या मोटारसायकली अठरा. म्हणजे दर एका मशीनगनवाहू गाडीमागें दोन गाड्या नुसता दारूगोळा व सुटे भाग वाहणाऱ्या. याचें कारण त्या यंत्राच्या भुकेंत आहे. विकर्सचा वेग मिनिटास साडेचारशें ते पांचशें गोळ्यांचा. काडतुसांचा एक पट्टा अडीचशें गोळ्यांचा, तो सलग चालविला तर सुमारें अर्ध्या मिनिटांत संपतो. नळी तापूं नये म्हणून तीभोंवतीं पाण्याचें वेष्टण, त्यांत सुमारें सात पिंट पाणी. नुसती मशीनगन सुमारें तीस पौंडांची, पण तिची तिपाई सुमारें पन्नास पौंडांची. हत्यारापेक्षां त्याची बैठक जड, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, तिच्याकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे.

बैठकीची रचना ही तर कसोटीच होती. मोटारसायकल व कडेची बैठक मिळून तीन चाकें होतात, परंतु तीं रिक्षाच्या तीन चाकांसारखीं नव्हेत. रिक्षाचा, अथवा आज बारामतीच्या कारखान्यांतून निघणाऱ्या तीनचाकी मालगाडीचा, भार मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस सारखा असतो. साइडकारचा भार एका अंगास असतो. बैठकीच्या बाजूस वेगानें वळतांना तें चाक उचलूं पाहतें, उलट बाजूस वळतांना बैठकीचें नाक जमिनीकडे झुकूं पाहतें. त्यांत मशीनगनचे धक्के आले. पुढें अगर मागें तोंड करून मारा केला तर धक्का गाडीच्या लांबीवर जातो व गाडी तो सोसते. आडव्या दिशेस केला तर तोच धक्का गाडीच्या अरुंद अंगावर येतो. म्हणून सांगाडा मजबूत करावा लागे, वजन होईल तितकें खालीं ठेवावें लागे, आणि नेम धरून सतत मारा करावयाचा तर गाडी थांबवावी लागे. पुष्कळदां मशीनगन उतरवून तिपाईवर मांडीत व गाडी आडोशास ठेवीत. चित्रपटांतील धांवता मारा हा अपवादाचा प्रकार होय. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन सैन्याच्या बी. एम. डब्ल्यू. आर-७५ या गाडींत साइडकारच्या चाकासही एंजिनाची गति दिलेली होती व मागें चालण्याचा गिअरही होता. त्यावरून या गाडीचें मुख्य काम चिखलांत व वाळूंत न अडतां माणूस व मशीनगन पोंचविणें हें होतें, असें दिसतें.

पश्चिमेच्या रणांगणावर खंदकांचें युद्ध माजतांच या तुकड्यांचें काम खुंटलें. कांहीं तुकड्या हिंदुस्थानांत आल्या व १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धाच्या वेळीं वायव्य सरहद्दीकडे होत्या. त्याच सरहद्दीवर त्या वेळीं सैन्याचें सामान हजारों उंट वाहत होते. उंट व मोटारसायकल हीं दोन वाहनें एकाच मोहिमेंत होतीं, मात्र उंटाच्या पाठीवरील नाळ तेव्हां इतिहासजमा झालेली होती.

(४) तुलना

दोन्ही बाजू समोर ठेवल्यावर उपमेचें माप घेतां येतें. तीन ठिकाणीं ती खरी उतरते. एक, दोन्हींत हलकें हत्यार जलद वाहनावर बसवून तें रोंवलेल्या तोफेच्या आधीं जागेवर न्यावयाचें, हा हेतु समान आहे. दोन, दोन्हींत एक माणूस वाहन सांभाळतो व दुसरा हत्यार. काशीराजानें उंटावर दोन माणसें सांगितलीं तीं याच विभागणीचीं असावींत असा तर्क होतो. तीन, दोन्हींत खऱ्या माऱ्यासाठीं वाहन थांबतें. उंट बसतो, मोटारसायकल उभी राहते. गंमत अशी कीं उपमा देणारे ज्या गोष्टीवर भर देतात ती, म्हणजे धांवतां धांवतां मारा, दोन्हींकडे सामान्य रीत नव्हे. ज्या कारणासाठीं उपमा दिली जाते तें कारण खोटें, आणि ज्या कारणांसाठीं ती शोभली असती तीं कोणी सांगत नाहीं.

आतां ती मोडते कोठें? ‘मशीनगन’ या शब्दांत. जंबुरक तोंडानें भरावयाचें हत्यार. दारू घालावी, गोळी घालावी, गजानें ठांसावी, रंजक भरावी, तोड्यानें बत्ती द्यावी, मग पुन्हां पहिल्यापासून. समजा, पटाईत माणसानें मिनिटास एक बार काढला. तर दोन हजार उंटांपासून मिनिटास दोन हजार गोळ्या निघतील. तेवढ्याच गोळ्या साडेचारशेंच्या हिशेबानें पांच विकर्स मशीनगना सोडतात, आणि एका तुकडींत तर सहा असत. दोन हजार जनावरें, चार हजार माणसें, त्यांचा दाणावैरण व पाणी, हा सगळा खटाटोप एका बाजूस आणि सहा नळ्या दुसऱ्या बाजूस. या दोहोंस एक नांव देणें म्हणजे ज्या सैन्यानें तो खटाटोप केला, त्याचें कर्तृत्वच झांकणें होय. दोन हजार उंट वेळेवर एका ओळींत बसविणें हें काम मशीनगनचा खटका दाबण्याहून निराळें व कितीतरी अवघड आहे.

याहून मूळचा भेद धक्क्याचा आहे. नळींतून गोळी पुढें गेली कीं नळी मागें येते. जंबुरकांत हा धक्का केवळ सोसावयाचा असतो. तो दुबेळक्यांतून खोगिरांत, खोगिरांतून उंटाच्या पाठींत व बसलेल्या उंटाच्या अंगावाटे जमिनींत जिरतो. बार काढून झाला कीं तो धक्का वायां गेला. विकर्समध्यें तोच धक्का कामास लावलेला आहे. मागें येणारी नळीच रिकामें काडतूस बाहेर काढते व नवें आंत घेते. एका हत्यारांत धक्का हा खर्च आहे, दुसऱ्यांत तो भांडवल आहे. या एका गोष्टीनें दोन युगें वेगळीं होतात. ती जोंवर सांगितली जात नाहीं, तोंवर ‘मराठ्यांची मशीनगन’ हे शब्द अभिमानाचे वाटले तरी त्यांत ना मराठे आहेत ना मशीनगन.

(५) बारामती-इंदापूरचा प्रश्न

ज्या नळीवरून हा विचार सुचला तिच्याकडे परत वळूं. या दोन तालुक्यांतून अशी नळी निघाली तर तिच्याविषयीं काय म्हणतां येईल? इंदापूर येथें मालोजीराजे भोसले लढाईंत पडले व त्यांच्या नांवाची गढी तेथें आहे. बारामतीस कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाईक जोशी यांचा वाडा आहे. हें सावकार घराणें पेशव्यांचे व्याही, पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई आबाजी नाईकांस दिलेली. स्वतः बाबूजी नाईक कर्नाटकच्या स्वारीवर गेलेले. तेव्हां या भागांत शस्त्रें असणें साहजिक आहे. परंतु तीं कोणत्या कामाचीं असावींत, याचा पहिला अंदाज गढी व वाडा यांवरूनच केला पाहिजे. गढीच्या बुरुजावर, वाड्याच्या जंग्यांत, भिंतीच्या माथ्यावर फिरत्या दुबेळक्यावर ठेवण्याची नळी आणि उंटाच्या खोगिरावरील नळी या दोन्हींस खुंट असतात, दोन्हींस नेमासाठीं शेपटी असते. बर्नियरला तर उंटावरची नळी पाहून होडीवरची आठवली. म्हणजे जी नळी भिंतीवर, होडीवर व उंटावर सारखीच शोभते, ती स्वतः होऊन आपलें वाहन सांगत नाहीं.

वाहन सांगते ती बैठक. दुबेळकें लांकडांत ठोकण्याच्या अणीचें आहे कीं खोगिराच्या चौकटीस आंवळण्याच्या पट्ट्यांचें, खुंट एका बाजूस अधिक झिजले आहेत कीं दोन्ही सारखे, शेपटी बसलेल्या माणसाच्या हाताशीं येईल इतकी आहे कीं उभ्या माणसाच्या, हे प्रश्न विचारले पाहिजेत. दुर्दैव असें कीं नळी टिकते, बैठक टिकत नाहीं. लांकूड वाळवी खाते, चामडें कुजतें, लोखंडी पट्ट्यांचे विळे-खुरपीं होतात. विकर्सची तिपाई विकर्सहून जड होती असें वर सांगितलें. जुन्या हत्यारांतही अर्धी विद्या बैठकींतच होती, आणि नेमकी तीच अर्धी आपण गमावून बसलों आहों.

इंदापूर तालुक्यांत या हानीस आणखी एक कारण आहे. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें व भीमेकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें पळसनाथाचें प्राचीन देऊळ अद्यापि पाणी ओसरलें कीं उघडें पडतें व पुन्हां बुडतें. गांव उठतें तेव्हां माणसें देव, भांडीं व दस्तऐवज नेतात. एखादी नळी जड असूनही कौतुकानें नेली जाईल, पण ती भिंतीच्या ज्या कोनाड्यांत होती तो कोनाडा नेतां येत नाहीं. तो कोनाडाच तिचा खरा कागद होता. म्हणून या भागांतील संग्राहकांवर इतरांपेक्षां अधिक जबाबदारी येते. वस्तु कोणत्या गांवच्या, वाड्याच्या कोणत्या भागांतून व कोणाच्या सांगण्यावरून मिळाली, हें घरांतील वडील माणसें हयात आहेत तोंवर लिहून ठेवलें पाहिजे. मागाहून तें कोणालाही सांगतां येणार नाहीं.

आमचे वाचक बहुतेक पोथ्यांचे संग्राहक आहेत. त्यांना पोथीचा दाखला पटेल. बारामती ही मोरोपंतांची. त्या परिसरांत आर्यांची एखादी सुटी पानें मिळालीं, तर पुष्पिकेवांचून, अक्षराची तुलना केल्यावांचून, पंतांच्या हातचीं म्हणून तीं आपण नोंदवीत नाहीं. फार तर ‘मोरोपंती वळणाची आर्या, लेखक अज्ञात’ असें लिहितों. कागदाच्या बाबतींत इतकी सावधगिरी बाळगणारे आपण लोखंडाच्या बाबतींत एकाएकीं उदार कां होतों? बैठक नसलेली नळी ही पुष्पिका नसलेली पोथी होय.

(६) खरी मशीनगन कोठें शोधावी

येथवरचें विवेचन नकारात्मक झालें, असें कोणी म्हणेल. मराठी माणसाचा मशीनगनशीं संबंध नाहींच काय? आहे, आणि तो उपमेचा नसून प्रत्यक्षाचा आहे. १९१४ सालीं हिंदी पायदळाच्या प्रत्येक पलटणीस दोन मशीनगना असत व त्या खेंचरांवर लादून नेत. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी पुणें डिव्हिजनबरोबर मेसापोटेमियांत गेल्या व कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत सांपडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं तें ठाणें पडलें. दुसऱ्या महायुद्धांत यशवंत घाडगे (१९४४) व नामदेव जाधव (१९४५) यांस इटालींतील ज्या पराक्रमांबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते दोन्ही शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांवर चालून जाण्याचे होते. मशीनगन लादणारा, चालविणारा व तिच्या तोंडीं जाणारा असा हा मराठी शिपाई आहे. त्याला सुतरनाळेची उसनी झूल पांघरण्याची गरज नाहीं.

शिवाय त्याचें दप्तर अजून पुरतें नष्ट झालेलें नाहीं. पुणें व सातारा जिल्ह्यांत पुष्कळ गांवीं चावडीच्या अगर देवळाच्या भिंतींत १९१४ ते १९१९ च्या युद्धावर गेलेल्या माणसांची संख्या कोरलेला दगड आढळतो. घरोघरीं पेटींच्या तळाशीं शिपाईगिरीचे दाखले, निवृत्तिवेतनाचे कागद, बसऱ्याहून आलेलें एखादें पत्र असूं शकतें. त्यांत हुद्दा, पलटण, खेंचरांच्या तुकडीचा क्रमांक असतो. अशा कागदाला आपण पोथीचा मान देत नाहीं, कारण तो जुना वाटत नाहीं. पण शंभर वर्षें त्यास होऊन गेलीं. जंबुरकाची बैठक आपल्या आजोबा-पणजोबांनीं ‘यांत काय आहे’ म्हणून टाकून दिली, त्याच वाटेनें हे कागद आज रद्दींत चालले आहेत. उंटावरच्या काल्पनिक मशीनगनच्या कौतुकांत खेंचरावरच्या खऱ्या मशीनगनचा पुरावा हरवूं देणें, ही चूक पुढील अभ्यासक आपणांस क्षमा करणार नाहींत.

(७) उपसंहार

सारांश असा. उंटावरील नाळ ही जलद हलणारी, बसून मारा करणारी व संख्येच्या बळावर चालणारी लहान तोफ होती. मोटारसायकलीवरील मशीनगन हें जलद हलणारें, थांबून मारा करणारें व वेगाच्या बळावर चालणारें यंत्र होतें. दोहोंतील साम्य वाहनांत आहे, भेद हत्यारांत आहे. वाहनाविषयीं बोलावयाचें असेल तेथें उपमा खुशाल द्यावी. हत्याराविषयीं बोलतांना ती सोडावी.

त्या संग्राहकांस हें सारें त्यांच्याच ओसरीवर बसून सांगितलें. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं जुनी चिठ्ठी काढली, परंतु फाडली नाहीं. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूस त्यांनीं लिहिलें : ‘लोखंडी नळी, खुंटांसह. बैठक उपलब्ध नाहीं. भिंतीवरील अगर उंटावरील, निर्णय नाहीं.’ त्याखालीं, ज्या गांवाहून ती आली त्या बुडालेल्या गांवाचें नांव व ती ज्या वृद्ध गृहस्थांकडून मिळाली त्यांचें नांव घातलें. पहिल्या चिठ्ठीपेक्षां ही चिठ्ठी नीरस आहे खरी. पण पन्नास वर्षांनीं कोणी खोगिराची एखादी चौकट घेऊन त्या घरीं आला, तर त्याच्या उपयोगी पडेल ती हीच.